बेताफूच्या मावशींना, मिसाओत्रा, म्हणजे आभार

मावशी,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला माहितीय. तुमची भाषा मालागासी, माझी मराठी, आणि आपल्या दोघींचं फ्रेंच मिळून जेमतेम वीस शब्दांचं. तरी लिहितेय, कारण त्या दिवशी नीट आभार मानायचे राहूनच गेले आणि ते काही मनातून जात नाही.

मादागास्करच्या आंत्सिराबे शहरात आलेले बहुतेक पाहुणे तिथून सरळ दक्षिणेला निघून जातात, मोठी जंगलं आणि लेमूर बघायला. तुमचं बेताफू गाव पश्चिमेला 22 किलोमीटरवर, तिकडे फारसं कोणी वळत नाही. मी वळले ते तातामारिना तळं आणि डोंगरउतारावरची भातखाचरं बघायला. जुलै महिना, भात कापून झालेला, आणि त्याच खाचरातली माती काढून लोक विटा पाडत होते, बाजूला भट्ट्या धुमसत होत्या. गावातली ती दुमजली लाल घरं ह्याच मातीची आहेत हे डोळ्यांनी बघितलं आणि मी इतकी हरखले की दिवसभर नुसती हिंडत राहिले. मादागास्कर म्हणजे उकाडा असंच डोक्यात होतं, अंगात एक पातळ जॅकेट, पण तो सगळा उंचावरचा भाग आणि जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. ऊन उतरलं तशी हुडहुडी भरली, मग कणकण, आणि तुमच्या होतेलीपर्यंत, म्हणजे छोट्या खानावळीपर्यंत, आले तेव्हा मला धड उभं राहवत नव्हतं.

तुमची होतेली म्हणजे चार बाकं आणि कोळशाची शेगडी. तुम्ही कोण, कुठली काही विचारलं नाहीत. कपाळाला हात लावलात, आतून तुमची लांबा, म्हणजे अंगावर घ्यायचं कापड, आणून माझ्याभोवती गुंडाळलीत आणि कपभर गरम रानुवुला पुढे ठेवलंत. भात काढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी जी खरपुडी राहते तिच्यात पाणी घालून उकळलेलं, हलकं तपकिरी, थोडं जळकट वासाचं. पहिल्या घोटाला मला आजीच्या घरची भाताची खरवड आठवली आणि खरं सांगते, रडायलाच आलं.

आंत्सिराबेला परत जाणारी टॅक्सी-ब्रूस, म्हणजे तिकडची वडाप, तोवर गेली होती. तुम्ही मला घरी नेलंत, नातीला तुमच्या कुशीत घेतलंत आणि तिची गादी मला दिलीत. रात्री दोनदा उठून माझा ताप बघितलात, मला कळत होतं पण डोळे उघडत नव्हते.

सकाळी ताप उतरलेला. तुम्ही वारी सुसुआ केलं होतंत, म्हणजे आपली पेजच की हो. आमच्याकडे तेव्हा आषाढातली वारी चाललेली आणि तुमच्याकडे वारी म्हणजे भात, हे तुम्हाला कसं सांगणार होते मी? माझ्या बॅगेत मेतकुटाची पुडी होती, ती काढून आपल्या तिघींच्या वाटीत चमचाचमचा घातलं. तुम्ही आधी वास घेतलात, मग एक घास, मग काही न बोलता वाटी परत माझ्यापुढे केलीत. नातीने तर बोटाने वाटी चाटून पुसून घेतली.

पैसे द्यायला गेले तर तुम्ही माझी मूठ मिटवून तशीच धरून ठेवलीत. गाडीपाशी येऊन ड्रायव्हरला काहीतरी दटावून सांगितलंत, आणि त्याने मला आंत्सिराबेत अगदी लॉजच्या दारात उतरवलं. मी नुसतं मिसाओत्रा, मिसाओत्रा म्हणत राहिले, दुसरा शब्दच येत नव्हता.

लांबा तुम्ही परत घेतलीच नाहीत. इथे पुण्यात आता थंडी पडलीय, रोज रात्री पांघरते. धुतली तरी तिला कोळशाचा वास येतोच.

तुमच्याकडे ठेवलेलं मेतकूट एव्हाना संपलं असेल. पुन्हा येईन तेव्हा अर्धा किलो घेऊन येते.

तुमची,
पुण्याची पाहुणी