आवाज कुणाचा, हे आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण फ्रँकफर्टच्या मिखाएल म्युन्त्सिंग आणि लुका अन्झिलोत्ती या नाचाची गाणी बनवणाऱ्या जर्मन जोडीवर, म्हणजे त्यांच्या ‘स्नॅप’ या ग्रुपवर, अख्खं पान दिलंत. सोलापुरात बसून असलं काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं, म्हणून आधी आभार. पण जोडीचं कौतुक करता करता ज्यांच्या गळ्यावर ती मोठी झाली त्यांना लेखकानं ‘अनेक गायक-गायिकांच्या साथीनं’ एवढ्यात गुंडाळलंय. अशोक चौकाजवळ माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं, हल्ली तिथंच मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. हे वाचून गप्प बसवेना.

ही दोघं कसलेली, यात वाद नाही. ‘स्नॅप’च्या आधीच स्वेन फेट या गायकाला घेऊन त्यांनी १९८६मध्ये ‘इलेक्ट्रिका साल्सा’ हे गाणं गाजवलं होतं. पुढं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. पण स्वतःच्या गाण्यांवर स्वतःचं नाव घालायची त्यांना हौस नव्हती. बेनितो बेनितेस आणि जॉन गॅरेट अशी टोपणनावं घेऊन लिहायचे. दोघंही स्टुडिओतली माणसं. गाणार दुसरं कुणी, नाचणार तिसरं कुणी.

१९९०मध्ये ‘स्नॅप’चं ‘द पॉवर’ हे गाणं आलं. ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला, अमेरिकेत दुसऱ्या. आमच्याकडं यंत्रमागावरची पोरं पगार झाला की यायची आणि म्हणायची, “ते पॉवरवालं पहिल्या नंबरला भरा की ओ.” गाण्याच्या सुरुवातीला एक माणूस घाईघाईनं काहीतरी बोलतो. पोरं त्याला विमानतळावरची घोषणा समजायची. ते रशियन आहे आणि त्यात एका अमेरिकन कंपनीनं कॉम्प्युटर बनवायला घेतल्याची बातमी आहे. गाण्याशी संबंध शून्य, पण पोरं नेमकी तेवढ्यासाठी कॅसेट मागं घ्यायची.

आता त्यातले आवाज मोजा. ज्या ओळीवरून पोरं गाणं मागायची, ती जोसेलिन ब्राउन या अमेरिकन गायिकेच्या काही वर्षं आधीच्या रेकॉर्डमधून उचललेली. पहिल्या आवृत्तीतलं रॅप चिल रॉब जी याचं, तेही त्याच्या रेकॉर्डमधून घेतलेलं. नंतर ते टर्बो बी याच्याकडून नव्यानं म्हणवून घेतलं. हा अमेरिकन लष्करातला जवान, जर्मनीत नेमणुकीवर आला आणि तिथंच रमला. बायकी गळा पेनी फोर्डचा, आणि व्हिडिओत ओठ हलवणारी मात्र वेगळीच बाई. त्याच जर्मनीत त्याच वर्षी मिली व्हॅनिली या गायक जोडीचं बिंग फुटलं. पोस्टरवरच्या दोघांनी एक ओळही गायली नव्हती, ग्रॅमी हे संगीताचं मोठं बक्षीस परत घेतलं गेलं. तिथं एवढा गदारोळ झाला. ‘द पॉवर’च्या पडद्यावरच्या ओठांचं मात्र कुणाला काही वाटलं नाही.

दोन वर्षांनी ‘रिदम इज अ डान्सर’. ब्रिटनमध्ये सलग सहा आठवडे पहिल्या नंबरला. माझ्या मते हेच त्यांचं खरं काम. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके, पण ठोका गळ्यावर चढत नाही. थिया ऑस्टिन गायला लागली की खालचं सगळं अदबीनं सरकून जागा देतं. मिक्सर हाताळणाऱ्या प्रत्येकानं हेडफोन लावून ऐकावं असं ते गाणं आहे. आणि थिया ऑस्टिनचं नाव गाणं लिहिणाऱ्यांतही आहे, हे विशेष. आपल्या लेखात ती बाई कुठंच नाही.

जर्मनीचं जर्मनीला लखलाभ, असं आपण म्हणाल. पण हाच प्रकार आपल्याकडं दर जयंतीला आणि दर विसर्जनाला चालू आहे.

आमच्या भागातल्या एक ताई भीमगीतं गायच्या. त्यांची कॅसेट आम्ही काढली होती. कव्हरला जागा पुरेना तेव्हा दुकानाचा पत्ता बारीक केला, पण ताईंचं, ढोलकीवाल्याचं आणि पेटीवाल्याचं नाव ठळक ठेवलं. यंदाच्या जयंतीला ताईंच्या दारावरून मंडळाचा ट्रक गेला आणि त्यावर त्यांचाच आवाज. वेग वाढवलेला, त्यामुळं गळा सोळा वर्षांच्या पोरीसारखा पातळ झालेला. आणि दर दोन ओळींना मधेच एक भसाडा माणूस ओरडतोय, डीजे अमुक तमुक इन द मिक्स! ताई शेजारच्या पोरीला म्हणाल्या, हे मी गायलेय गं. पोरगी हसली. “आज्जी, ते डीजेचं गाणं हाय.”

त्याच आठवड्यात एक मिक्सिंग करणारा पोरगा स्पीकरच्या हॉर्नचा डायफ्राम, म्हणजे आवाज काढणारा पातळ पडदा, जाळून माझ्याकडं आला. पोरगा वाईट नाही, हात चांगला आहे त्याचा. विचारलं, बाबा, स्वतःचं नाव दहादा घालतोस, गाणारीचं एकदा घालायला काय होतं? तर मोबाइल पुढं केला. फाइलचं नाव, “भीमगीत फुल बेस नवीन”. म्हणाला, “मला आलंच असं काका. नाव कुठनं आणू?” चार हातांतून फिरत आलेल्या फाइलवर प्रत्येकानं आपलं लेबल चिकटवलं आणि मूळचं तेवढं गळून पडलं. तिकडं निदान खटाटोप करून शोधता येतं. इथं ती कॅसेट माझ्या कपाटात नसती तर पुरावाच नव्हता.

आवाज किती असावा हा वाद शहरात चालू आहे, तो चालू द्या; डेसिबल मोजायचं यंत्र पोलिसांकडं आहे. माझं म्हणणं निराळं आहे. मिक्सिंगवाली पोरं जिथं आपली आरोळी टाकतात, तिथंच त्यांनी गाणाऱ्याचं आणि हलगीवाल्याचं नाव एकदा टाकावं. दोन सेकंद लागतात. नाव माहीत नसेल तर पूर्व भागात, बुधवार पेठेत चार जुन्या लोकांना विचारावं. आमच्यासारखे अजून आहेत, आणि आम्हाला विचारलेलं आवडतं. मंडळांनी सुपारी देतानाच ही अट घालावी. वर्गणीच्या पावतीवर देणगीदाराचं नाव चुकलं तर केवढं रामायण होतं, हे काही मंडळांना सांगायला नको.

आणि आपल्यालाही एक विनंती. मिरवणुकीच्या बातमीत ‘डीजेच्या तालावर तरुणाई थिरकली’ हे वाक्य दरवर्षी असतं. यंदा बातमीदाराला सांगा, लेझीम कुणी बसवली, हलगी कुणी वाजवली, ट्रकवर गळा कुणाचा होता, हे विचारून ये. ताईंचं नाव आणि कॅसेटचं कव्हर त्यांच्या परवानगीनं सोबत वेगळ्या पाकिटात पाठवलं आहे. छापायचं की नाही, ते त्यांच्याशी बोलून ठरवा.

आपला,
एक जुना कॅसेटवाला,
पूर्व भाग, सोलापूर