पावसाचे दोन महिने आमची गरीही बंद करा : मच्छीमारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मच्छीमारमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मंत्र्याला पत्र लिहिणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी मागत असतो. रस्ता, अनुदान, मुलाला नोकरी. मी पावसाळ्यात नदी-ओहोळांतल्या मासेमारीवर बंदी मागतो आहे, आणि तीही आधी स्वतःवर. म्हणून पत्र शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

मी डिचोली तालुक्यातला. वाळवंटी नदीच्या काठी गरी (मासे धरायचा गळ) घेऊन बसायला लागलो त्याला आता चाळीस वर्षे होतील. गरवायला शिकलो ते चिव्याच्या काठीवर. काठीएवढाच लांब तंगूस (नायलॉनची दोरी), बाटलीच्या बुचाचा तुकडा, चिमटीने दाबून बसवलेले शिसे आणि शेणाच्या खतातले गांडूळ. सगळे सामान पाच रुपयांत. आता घरी तीन रीळ आहेत, कार्बनच्या काठ्या आहेत. बायकोला त्यांच्या खऱ्या किमती ठाऊक नाहीत. हे पत्र ती वाचणार असल्यामुळे येथेही लिहीत नाही.

गेली आठ-दहा वर्षे एक वेगळे वेड लागले आहे. मी माश्या बांधतो. इंग्रजीत त्याला फ्लाय टाइंग म्हणतात, पण माशीने मासा धरायचा ही गंमत मराठीतच जमते. गरीवर दोरा गुंडाळून, त्यावर पिसे आणि केस बसवून पाण्यावरचा किडा तयार करायचा. टेबलाला आवळलेला छोटा व्हाइस, शिलाई मशीनचा दोरा, गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे, नारळाच्या सोडणातून ओढून काढलेला काथ्या, आणि शेवटची गाठ पक्की करायला मुलीचे नेलपॉलिश, एवढ्यावर माझा कारखाना चालतो. या माशीला वजन नसते. एरवी शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. येथे दोरीच जाड आणि जड असते, ती हवेत मागेपुढे झुलवायची आणि तिच्या टोकाशी माशी अलगद पाण्यावर उतरवायची. मला ते अजून नीट येत नाही. मागच्या झाडातच माझ्या निम्म्या माश्या अडकलेल्या असतात.

माझी सगळ्यात चांगली माशी वाळवीची आहे. पहिला मोठा पाऊस पडून गेला की संध्याकाळी जमिनीतल्या भोकांतून पंखवाली वाळवी निघते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ट्यूबलाइटखाली पाण्याची बादली ठेवायची, दिवा मालवायचा, सकाळी अंगण पंखांनी भरलेले. तशीच ती ओहोळावर पडते. चार सारखे पंख, अंगापेक्षा लांब, आणि मध्ये तपकिरी इवलेसे अंग. आठ नंबरच्या गरीवर काथ्याचे अंग आणि तांबूस पिसांचे पंख बांधले की ती हुबेहूब उतरते. त्या संध्याकाळी मळये नावाचे मासेसुद्धा पाण्यावर उडी मारून ती माशी उचलतात. वर्षभर न लागणारा मासा त्या तासाभरात तीनदा लागतो.

माझी अडचण नेमकी तीच आहे. ज्या आठवड्यात माझी माशी चालते, त्याच आठवड्यात मासा चढणीला लागलेला असतो.

चढणीचे मासे आपल्याला नव्याने सांगायला नकोत. मृगाचे लाल पाणी नदीत उतरले की खालचा मासा प्रवाहाच्या उलट वर निघतो. ओहोळातून शेतात, शेतातून खाचरात. ठिगूर, डेखळे, वाळव, मळये, सगळ्यांची घाई एकच, उथळ पाण्यात अंडी घालायची. या दिवसांत धरलेल्या बाईमाशाचे पोट दाबले तरी गाबोळी बाहेर येते. आम्ही लहानपणी कंदील आणि कोयता घेऊन बांधावर उभे राहायचो. माझे वडील पोतेभर मासे घेऊन आले आहेत, आईने तिरफळे घालून त्यांचे आंबट केले आहे आणि मी ते मिटक्या मारत खाल्ले आहे. तेव्हा मी कोणाला शहाणपण शिकवायला निघालेलो नाही.

पण तेव्हा कंदील होता. आता इन्व्हर्टरची बॅटरी आहे. दोन काठ्यांना वायर बांधून पाण्यात करंट सोडला की कोंडीतले (ओहोळातल्या डोहातले) जे असेल ते उलटे होऊन वर येते, बोटाएवढ्या पिल्लांसकट. पूर्वी गेळफळे ठेचून पाण्यात टाकत, तेव्हाही मासा गुंगायचा, पण पुढच्या पाण्याने विष वाहून जायचे. आता ब्लीचिंग पावडरचे पाकीट मिळते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी आमच्या वरच्या कोंडीवर गेलो, तर पाण्याला दवाखान्याचा वास. काठाला मासे पांढरी पोटे वर करून पडलेले. त्यांत एक डेखळा होता, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा, आणि त्याच्याभोवती नारिंगी पिल्लांचा थर तरंगत होता.

हे दृश्य मला जास्त लागले, कारण डेखळ्याची रीत मला ठाऊक आहे. घाटावर त्याला मरळ म्हणतात. त्याची पिल्ले सुरुवातीला नारिंगी असतात, एका गोळ्यात फिरतात, श्वास घ्यायला एकदम वर येतात आणि पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी बुडबुडी उठते. खाली आईबाप राखणीला असतात. त्या गोळ्याच्या वरून रबरी बेडूक ओढला की मोठा डेखळा त्यावर तुटून पडतो. भूक म्हणून नव्हे, पिल्लांवर कोणी आले म्हणून. आमच्यातले काही हौशी गडी नेमका हा गोळा शोधत फिरतात, कारण तेथे मासा हमखास लागतो. आई वर गेली की गोळा अर्ध्या तासात इतर माशांच्या पोटात जातो. मीही असा एक धरला आहे, एकदाच. फोटो अजून फोनमध्ये आहे, कोणाला दाखवत नाही.

तर त्या मेलेल्या कोंडीबद्दल मी तक्रार करायला गेलो. कोणते कार्यालय ते लिहीत नाही, तेथे बसलेली व्यक्ती सभ्य होती. तिने मला सांगितले की हे पाणी दुसऱ्या खात्याचे. दुसऱ्या खात्याने सांगितले की पाणी आमचे, पण मासा आमचा नाही. तिसऱ्या ठिकाणी विचारले, "मेले तरी किती किलो?" मी किलोत उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन चहा प्यायलो.

महोदय, समुद्राचे आपण फार नीट ठरवले आहे. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, यांत्रिक होड्या बंद. मालिम जेटीवर ट्रॉलर दोरांना बांधलेले दिसतात, जाळी विणायला काढलेली असतात. ऑगस्टमध्ये बाजारात पहिले सुंगट (कोळंबी) येते तेव्हा अख्खा गोवा खूश असतो. कारण एकच सांगितले जाते, की या दिवसांत मासा अंडी घालतो. मग नदीतला मासा या दिवसांत काय करतो? समुद्र बंद असल्यामुळे नुस्त्याचे (माशांचे) भाव चढतात आणि सगळ्यांची नजर ओहोळाकडे वळते, म्हणजे एकाची सुटी दुसऱ्याच्या मुळावर येते. चाळीस वर्षांत एकाही कोंडीवर मी जूनमधल्या बंदीची पाटी पाहिली नाही, आणि हटकणारा माणूसही पाहिला नाही.

हे काही मी डोक्यातून काढलेले खूळ नाही. केरळात चढणीच्या माशाला ऊत्ता म्हणतात, आणि तो धरणे तेथे 2010 च्या अंतर्देशीय मत्स्य कायद्याखाली गुन्हा आहे. हिमाचलात गोविंदसागर आणि पोंग ही मोठी जलाशये 16 जून ते 15 ऑगस्ट बंद असतात. आणि हा गरीचा छंद ज्या साहेबांनी जगभर नेला, त्यांच्या इंग्लंड-वेल्समध्ये नद्यांवर 15 मार्च ते 15 जून साध्या माशांवर (सामन-ट्राउट सोडून इतर) गरी टाकता येत नाही, कारण तो त्यांच्या माशांचा विणीचा काळ. एरवीही परवाना खिशात असावा लागतो. शिशाची बहुतेक लहान वजने तर त्यांनी 1987 पासूनच बंद केली, पाण्यातले हंस ती गिळून मरत होते म्हणून.

आपल्याकडेही कायदा नाही असे नाही. 1897 च्या मत्स्य कायद्यात कलम 4 सुरुंगाचे आणि कलम 5 विषाचे, सव्वाशे वर्षे झाली. मूळ कायद्यात दंडाचा आकडा आहे 200 रुपये. माझ्या रिळाची दोरीसुद्धा त्यात येत नाही (हे बायकोने वाचले नाही असे समजू).

म्हणून मागणी एकच. समुद्राला लावलेले 61 दिवस गोड्या पाण्याच्या नद्या-ओहोळांनाही लावा. जाळे, पागेर (फेकायचे जाळे), सापळा, कोयता, करंट सगळ्यांना, आणि गरीलाही. गरीला सूट देऊ नका. मी गरवणारा आहे म्हणून सांगतो, सूट दिलीत की गरीच्या नावाखाली बॅटरी येईल. आमच्या छंदाला सवलत आणि शेतकऱ्याच्या पोराच्या बांबूच्या सापळ्याला दंड, असे झाले तर तो कायदा गावात एक पावसाळाही टिकणार नाही, आणि टिकूही नये.

शेतात घरापुरते दोन मासे धरणाऱ्या म्हातारीला पोलिसाने पकडावे असे मला वाटत नाही. पहिली दोन वर्षे पंचायतीतून नुसती दवंडी दिली, शाळेत सांगितले आणि फक्त करंट व ब्लीचिंगवाल्यांवर हात टाकला, तरी निम्मे काम होईल. जलस्रोत खात्याला एवढेच सांगा की ओहोळावरच्या बंधाऱ्यांच्या फळ्या मे संपायच्या आत निघाल्या पाहिजेत. फळी आठवडाभर उशिरा निघाली तर मासा तिच्याखाली डोके आपटत राहतो आणि घारी-बगळ्यांची जत्रा भरते. मी मोजून पाहिलेले नाही, पण उभा राहून पाहिले आहे.

राहिले दहा महिने. त्यांचे आम्हाला काही द्यायचे असेल तर अंजुणे, आमठाणे, साळावली, चापोली या जलाशयांवर ठरलेल्या जागी गरीचा रीतसर परवाना द्या. आज कोणी विचारले तर आम्ही चोरासारखे काठी पाठीमागे लपवतो. फुकट नको, पैसे घ्या. आपले खाते जलाशयांत बोटुकली सोडते, कटला, रोहू. हे मासे मुळात गंगेच्या खोऱ्यातले, जलाशयात वाढवायला ठीक, ते आम्ही धरू आणि खाऊ. डेखळा, ठिगूर मात्र इथले, त्यांना कोणी सोडलेले नाही, ते चढणीवरच जगतात. परवानाधारकाने शिसे वापरायचे नाही, तुटलेला तंगूस गोळा करून आणायचा, पिल्लांच्या गोळ्यावर गरी टाकायची नाही. आणि कोठे पाण्याला ब्लीचिंगचा वास आला तर फोन करायचा. त्यासाठी एकच नंबर द्या, जो उचलला जातो. अभयारण्याच्या हद्दीतले ओहोळ यात अजिबात धरू नका, म्हादईच्या जंगलातल्या कोंडी जशा आहेत तशा असू देत.

म्हादईवरून आठवले. 2018 मध्ये लवादाने म्हादई नदीचे पाणी तीन राज्यांत वाटले, गोव्याला 24 टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33. त्या वाटपावर आपण सगळे तावातावाने बोलतो, मीही बोलतो. पण गोव्याच्या 24 मध्ये माशाचा वाटा कोठला, हे एकदा आपल्या खात्याने जलस्रोत खात्याला विचारून पाहावे. आपण 2016 मध्ये शेवट्याला राज्यमासा केले, म्हणजे कागदावर का होईना, मासा आता सरकारी माणूसच आहे.

आमच्या गावातला एक पोरगा कॉलेजात जातो. गेल्या मृगात रात्री नऊला त्याचा फोन आला, "भाई, चढणीचें नुस्तें आयलां, येता मरे?" माझी वाळवीची माशी बांधून तयार होती. मी विजेरी घेतली, काठी घरी ठेवली आणि त्याला म्हटले, नुसते बघायला येतो. तो हसला. पण बांधावर अर्धा तास उभे राहिल्यावर त्यानेही कोयता खाली ठेवला, कारण पाण्याचा पातळ पडदा वाहत असलेल्या दगडावरून एक ठिगूर पोटावर सरपटत वर जात होता. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा गेला.

यंदा पहिला मोठा पाऊस पडला की आपणही या. गाडी विठ्ठलमंदिराकडे ठेवावी लागेल, तेथून पुढे चालायचे. छत्री नको, दोन्ही हात मोकळे लागतात.

आपला,
वाळवंटीकाठचा एक गरवणारा

ता. क. आपल्या कार्यालयात देत असलेल्या छापील प्रतीसोबत वाळवीची एक माशी ठेवली आहे. तिचे टोक मी पकडीने मोडले आहे. पाकीट उघडणाऱ्याच्या बोटाला लागणार नाही.