काठमांडूच्या दाजूंना जाहीर आभार

दाजू,

काठमांडूत आम्हाला फिरवणारे गाइड तुम्ही; ‘दाजू’ म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ. तुम्हाला मराठी येत नाही. मजकूर हिंदीतून कळवूच, पण इथे मराठीत लिहितोय ते इकडच्या लोकांनीही वाचावं म्हणून. काठमांडूला जाणाऱ्या मराठी तुकड्या काही थोड्याथोडक्या नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांना जे मिळतं तेच आम्हालाही तुमच्याआधी मिळालं होतं: एका दिवसात सगळी ठिकाणं, देवळात धावपळ आणि थांगकाच्या (कापडावरच्या बौद्ध चित्रांच्या) दुकानात मात्र निवांत बैठक. त्या आधीच्या गाइडने स्वयंभूनाथच्या स्तूपाला गाडी मागच्या बाजूने थेट वर नेली, स्तूपाला उलटी फेरी घालायला लावली आणि ‘हे बुद्धाचं झालं, आता शंकराचं’ म्हणत पुढे हाकललं.

तुम्ही सकाळी लवकर, पूर्वेकडच्या ३६५ पायऱ्यांनी सुरुवात केलीत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना गाडीने वर पाठवलंत, कारण शेवटचा टप्पा सगळ्यात उभा आहे आणि दम तिथेच लागतो. प्लास्टिकच्या पिशव्या, बिस्किटं, प्रसाद आधीच सॅकमध्ये बंद करायला लावलात. माकडं पिशवीचा आवाज ऐकून येतात, खाणं दिसायची वाट बघत नाहीत. वर राजा प्रताप मल्लाने बसवलेलं भलंमोठं वज्र, त्याच्याखाली तिबेटी कालगणनेतले प्राणी. मग स्तूप डावीकडून, म्हणजे आपल्या उजव्या हाताला ठेवून, आणि मणीचक्रंही (हाताने फिरवायची प्रार्थनेची चक्रं) त्याच दिशेने.

‘हे हिंदूंचं की बौद्धांचं?’ हा प्रश्न आमच्याकडून आला तेव्हा तुम्ही भाषण न करता हारतीच्या देवळासमोर उभं केलंत. बौद्ध कथेत ती यक्षिणी, काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांची अजिमा म्हणजे आजीदेवी, देवीच्या रोगापासून मुलांना राखणारी. पुजारी बौद्ध, आणि रांगेत तान्ही लेकरं घेऊन उभ्या असलेल्या बायकांत दोन्हीकडच्या. उत्तर मिळालं.

जनबहालसाठी तर वेगळे आभार. असनहून इंद्रचौकाकडे जाताना दुकानांच्या गर्दीत त्याचं दार नजरेतून सहज सुटतं. आत सेतो मच्छिंद्रनाथ. आमच्याकडे श्रावणात नवनाथांची पारायणं होतात, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग ज्ञानेश्वर ही परंपरा लहानपणीच कानावर पडते. आणि इथे मच्छिंद्रनाथ बौद्ध बहालात (विहाराच्या चौकात), पांढऱ्या चेहऱ्याचे, पद्मपाणी लोकेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या रूपात पुजले जाणारे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ज्याच्यासमोर आम्ही माना वर करून उभे राहतो, तोच पद्मपाणी. तुम्ही चौकात लोकेश्वराची १०८ रूपं दाखवलीत आणि सगळ्यांना तिथेच बसू दिलंत. कुणालाही घाई केली नाहीत.

कुमारी घर, म्हणजे जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या मुलीचं घर, १७५७ सालचं, राजा जयप्रकाश मल्लाने बांधलेलं. कुमारी बौद्ध शाक्य घरातली आणि तिच्यात तलेजू देवी मानतात. खिडकीत ती आली तर फोटो काढायचा नाही, हे तुम्ही चौकात शिरण्याआधीच सांगितलंत. आत गेल्यावर ओरडून सांगण्यापेक्षा हे किती बरं.

आता पशुपतिनाथ. आदल्या रात्रीच तुमचा निरोप आला: कातडी पट्टा, पाकीट, पर्स हॉटेलवर ठेवा, पैसे कापडी पिशवीत घ्या. पश्चिम दाराशी पट्टे काढत बसणाऱ्यांची गर्दी पाहिली तेव्हा त्या निरोपाची किंमत कळली. पिंडीला हात लावता येत नाही, पूजा दक्षिणेकडून आलेले भट्ट पुजारीच करतात, हेही आधी सांगितलंत. इकडे स्वतःच्या हाताने अभिषेक करण्याची सवय असलेले लोक नाहीतर दारातच हिरमुसतात. चारही दिशांना मुखं आहेत, तेव्हा चारही दारांतून दर्शन घ्या, एका दारापाशी रेंगाळू नका, हेही तुमचंच. शनिवार मुद्दाम टाळलात, कारण नेपाळची सुट्टी तेव्हा असते.

पण हे पत्र लिहायला बसवलं ते बागमतीवरच्या पुलापाशी घडलं त्याने. तुकडी हरवू नये म्हणून तुम्ही सगळीकडे लाल छत्री उंच धरून चालायचात. पुलाच्या अलीकडे थांबलात. ‘मोबाइल खिशात,’ एवढंच म्हणालात, छत्री मिटून काखेत घेतलीत आणि डोक्यावरची टोपी काढलीत. आर्यघाट या दहनघाटावर, मरणासन्न किंवा मृत माणसाला ठेवतात त्या ब्रह्मनालाच्या दगडावर, एकाचे पाय नदीच्या पाण्यात होते, आणि घरचे लोक भोवती उभे. समोरच्या काठावरून झूम लावून फोटो काढणारे होतेच, त्यांच्यासोबतचा गाइड वर हातवारे करून माहितीही सांगत होता. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. ब्रह्मनाल म्हणजे काय, पाय पाण्यात का, हे सगळं नंतर, पायऱ्या चढून, घाट नजरेआड झाल्यावर सांगितलंत.

मिटलेली छत्री कुठल्याही सहलीच्या पत्रकात छापलेली नसते. परक्याच्या दुःखासमोर आवाज कमी करावा, ही जुनी गोष्ट. पण रोज तोच घाट, रोज नवे प्रवासी, आणि तरीही ती न चुकवणारी माणसं मोजकीच. त्यांच्यामुळेच परक्या शहरात आपण पाहुणे आहोत याचं भान राहतं. तीर्थाला जाऊन वागणं पर्यटकाचं ठेवणाऱ्यांनी (आमच्यापैकीही काहींनी) हे तुमच्याकडून घ्यावं.

बौद्धनाथच्या स्तूपाला संध्याकाळी नेलंत, तुपाचे दिवे लागताना, स्थानिक लोक फेऱ्या घालायला बाहेर पडतात तेव्हा. दुकानं तिथेही रांगेने होती. तुम्ही एकाही दाराकडे बोट दाखवलं नाहीत. ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी घेतलं.

एकच तक्रार. चांगुनारायणाचं देऊळ राहिलं. राजा मानदेवाचा ४६४ सालचा शिलालेख तिथे आहे आणि त्याला वेगळा अर्धा दिवस हवा, हे तुम्हीच सांगितलंत. आमची पुढची तुकडी येईल तेव्हा तो अर्धा दिवस पहिल्यांदा लिहून ठेवा, बाकीचं त्याच्याभोवती बसवू. आणि भेटायची वेळ नेपाळच्या घड्याळाप्रमाणे कळवा. पंधरा मिनिटांचा फरक आमच्या हातातल्या घड्याळांना अजून समजलेला नाही.

तुमचे ऋणी,
मराठी तुकडीतले सगळे