पाणी गळणाऱ्या कोरड्या डोळ्यांचं पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. रोजच्या गर्दीत मी तुमच्या लक्षात असेन असं नाही. नागपूरचा डीटीपीवाला, डोळ्यांतून सारखं पाणी गळतंय म्हणून आलेला. तुम्ही तपासून म्हणालात, डोळे कोरडे आहेत. मला ती थट्टाच वाटली.

मग बाहेर रांग असतानाही तुम्ही नीट समजावलंत. अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो, तो पापणीच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींतून येतो. त्या बुजल्या की अश्रू भराभर उडून जातात, डोळा चुरचुरतो आणि मग नुसतं पाणी धो धो सुटतं. पण तेलावाचून ते टिकत नाही. अश्रू किती येतात ते मोजणारी शिर्मरची कागदी पट्टी पापणीत पाच मिनिटं ठेवली, तर पाणी पुरेसं निघालं; पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं, तर अश्रूंचा थर दहा सेकंदसुद्धा टिकेना. दुखणं कुठलं ते तिथे कळलं. त्याआधी कोणी चष्म्याचा नंबर बदलून दिला होता, कोणी 'वय झालं' म्हणालं होतं. घरी तर 'कॉम्प्युटर बंद कर' एवढाच उपाय. अहो, पोट त्यावरच आहे!

खरे आभार मात्र एका वाक्याचे. डोळ्यातला दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब लिहून देताना तुम्ही म्हणालात, 'सुरुवातीला जळजळेल, गुण यायला काही महिने लागतील, मनाने बंद करू नका.' हे आधी ऐकलं नसतं तर बाटली पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात गेली असती. हे दुखणं मुळासकट जाईल असं खोटं आश्वासन तुम्ही दिलं नाहीत, आटोक्यात राहील म्हणालात. मला तेच जास्त धीराचं वाटलं.

तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का, हेही विचारलंत. शोग्रेन नावाच्या आजारात डोळ्यांसोबत लाळही आटते, हे मला तेव्हा कळलं. मला तो निघाला नाही. पण ज्यांना अशी लक्षणं आहेत त्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगावं.

आता रोज गरम शेक घेतो, मग पापण्या हलक्या हाताने चोळतो. ओला रुमाल लगेच गार होतो, म्हणून शेकायचा मास्क घ्या म्हणालात, ते बरं झालं. वरचेवर घालायचे कृत्रिम अश्रूंचे थेंब प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच आणतो. महाग पडतात, हे खरंच. मॉनिटर नजरेच्या खाली घेतला. आणि कूलर! मे महिन्यात नागपुरात तो बंद ठेवणं कोणालाच जमणार नाही, पण झोत तोंडावरून वळवता येतो.

एवढ्याने भागलं नाही तर अश्रू वाहून जाऊ नयेत म्हणून अश्रूमार्गाला बसवायचे बारीक प्लग आहेत, स्वतःच्या रक्तातल्या सीरमचे थेंब आहेत, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स आहे, हे तुम्ही सांगून ठेवलंय. मला अजून गरज पडली नाही. पण पुढे वाट आहे हे माहीत असलं की वाईट दिवशीही माणूस घाबरत नाही. हे उघड पत्र त्यासाठीच, कोणाचे डोळे खुपत असतील तर त्यांनीही वाचावं. मेडिकलवाल्याला विचारून स्टिरॉइडचे थेंब मात्र घालू नका. त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो.

पुढच्या तपासणीला येतोच आहे. तेव्हा हे सगळं तोंडाने बोलता येणार नाही, म्हणून आधी लिहिलं.

आपला कृतज्ञ,
एक पेशंट