फलाट किती लागतील?

प्रिय मन्या,

गाड्यांच्या येण्या-सुटण्याच्या वेळांवरून कमीत कमी किती फलाट लागतील ते काढणारा तुझा कोड काल गाडीत, ठाण्यापर्यंत उभ्यानेच, वाचून काढला. प्रत्येक गाडी बाकी प्रत्येक गाडीशी ताडायला दोन लूप एकात एक घातलेस म्हणून तो रखडतो, ते जाऊ दे. मुळात उत्तरच चुकतंय.

सीएसएमटीचंच घे. १८ फलाट, त्यातले ७ लोकलचे. समज, एक गाडी ९:०० ते ९:३० उभी आहे. दुसरी ९:०० ते ९:१०, तिसरी ९:२० ते ९:३०. पहिली दोघींनाही आडवी येते, म्हणून तुझा कोड म्हणतो, तीन. अरे, पण तिसरी आली तेव्हा दुसरी केव्हाच सुटली होती! दोन फलाटांत भागतं. कोण कोणाला आडवं येतं हे मोजून एका क्षणाची गर्दी कळत नाही.

त्यापेक्षा गाड्यांच्या जोड्या जुळवणं सोड आणि नुसत्या वेळा बघ. गाडी आली की +१, सुटली की −१. सगळ्या नोंदी वेळेप्रमाणे सॉर्ट कर, म्हणजे क्रमाने लाव, ओळीने बेरीज करत जा आणि बेरीज सर्वांत वर कुठे गेली तेवढं लक्षात ठेव. झालं. सगळा खर्च सॉर्टिंगचा: गाड्या एन असतील तर वेळ एन लॉग एनच्या प्रमाणात, प्रत्येक जोडी तपासण्यापेक्षा कितीतरी कमी. या युक्तीला स्वीप लाइन म्हणतात; १९७६ साली शेमॉस आणि होई यांनी रेषाखंड एकमेकांना छेदतात का ते शोधायला हीच युक्ती वापरली होती.

खरी गोम बरोबरीच्या वेळेत आहे. एक गाडी ९:१० ला सुटते आणि दुसरी ९:१० लाच येते. फलाट एक की दोन? पायथनमध्ये (वेळ, ±१) अशा जोड्या सॉर्ट केल्यास तर −१ आपोआप आधी येतो, आणि उत्तर एक निघतं. सभागृहाच्या बुकिंगला हे चालेल. रेल्वेत कोण चालवून घेईल? तिथे सुटण्याच्या वेळेत दोन-चार मिनिटं आधीच मिळव, मग सॉर्ट कर.

मध्यरात्रही सांभाळ. २३:५५ ला येऊन ००:१० ला सुटणाऱ्या गाडीत −१ आधी पडतो आणि बेरीज शून्याखाली जाते. अशा सुटण्याच्या वेळेत १४४० मिनिटं, म्हणजे एक अख्खा दिवस, मिळव. वेळापत्रक रोज तेच असेल, तर मात्र त्या गाडीच्या थांब्याचे मध्यरात्रीपाशी दोन तुकडे कर, नाहीतर पहाटेच्या गाड्यांशी तिची गाठच पडणार नाही.

कोणती गाडी कुठल्या फलाटावर, हे हवं असेल तर हीप लागेल, म्हणजे सर्वांत आधी रिकामा होणारा फलाट चटकन काढून देणारी रचना. ते समोरासमोर बसूनच करू. रविवारी ये, पण मेगाब्लॉक बघून नीघ, आणि लॅपटॉपचा चार्जर आण; माझा तुझ्याला लागत नाही.

तुझा,
अव्या