आकडा बॅजचा, तुझा नाही

चि. रेवा,

अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की मी, यावर दादाचं आणि माझं एकमत नाही. त्याचं म्हणणं, मीच बटण दाबलं आणि वर दोन मिनिटं एकटीच बोलत बसले. असेलही. मला एवढंच आठवतंय की तू हसत म्हणालीस, "अगं आई, तो आकडा बॅजचा आहे, माझा नाही. बॅज एप्रनसकट खोलीतच खुंटीला राहिला होता." आणि माझं डोकं फिरलं.

कामावर तुझ्या अंगावर पडणारे किरण मोजणाऱ्या त्या बॅजबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

रात्री झोप लागेना म्हणून माळ्यावरची जुनी टाचणं काढली. नववीचा अणुरचनेचा धडा मी 31 वर्षं शिकवला. टाचण तेच, फक्त वरची तारीख बदलायची. पहिल्या पानावर डाल्टन. 1808 साली त्याचं पुस्तक निघालं तेव्हा त्याच्या हिशेबात पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. त्यामुळे, आणि तेव्हाची मोजमापंही ढोबळ म्हणून, ऑक्सिजन हायड्रोजनच्या 7 पट जड निघाला, 16 पट नाही. मुलं हसायची. मी म्हणायचे, हसू नका. अणू आहे असं कणादही सांगून गेले, डेमोक्रिटसही सांगून गेला, पण त्याचं वजन काढायला बसला तो हा शाळामास्तर. चुकीचा का होईना, आकडा लिहून ठेवला, म्हणून पुढच्यांना तो खोडता आला.

आता बघ, हे लिहिताना पुन्हा तेच मनात आलं. चुकलेला आकडा खोडता येतो. पण ज्या दिवसांत बॅज खुंटीवर होता आणि तू दुसरीकडे होतीस, त्या दिवसांचा तुझा आकडा कुठे आहे? बॅजचा आकडा तुझा नाही हे कबूल. मग तुझा कोणता? तो कुणाकडेच नाही. याचंच मला भय वाटलं, आणि ते ओरडण्यातून बाहेर आलं.

असो. लिहायचं नव्हतं.

टाचणात पुढे नील्स बोर या शास्त्रज्ञाच्या अणूचं, म्हणजे बोरचं पान आहे. डबीचं झाकण ठेवून काढलेली वर्तुळं, त्यावर इलेक्ट्रॉनचे ठिपके, आणि समासात लाल पेनाने, तुझ्या अक्षरात, "खोटं!!" अकरावीत होतीस. कॉलेजातून आलीस ती दप्तर न काढताच म्हणालीस, "आई, इलेक्ट्रॉन असे फिरतच नाहीत. तू मुलांना खोटं शिकवतेस." मला तुला सांगता आलं असतं की 1913 साली त्याच वर्तुळांनी हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा अचूक जागी बसवून दाखवल्या, आणि हेलियमपाशी ती अडली म्हणून तर लोकांना नवं गणित शोधावं लागलं. मी काय म्हटलं? "परीक्षेत हेच लिही, नाहीतर गुण जातील." त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. पान मात्र फाडलं नाही.

त्याच्या आधीचं मैदान तुला आठवतं का? आठवीतलं प्रदर्शन. तू हट्ट धरलास की अणू प्रमाणात दाखवायचा. टाचणीचं डोकं म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, मग इलेक्ट्रॉन किती लांब? वहीच्या मागच्या पानावर आपण दोघींनी गणित केलं, उत्तर आलं सुमारे 50 मीटर. बाबांना इलेक्ट्रॉन केलं. ते रुमाल हलवत चालत गेले, चालतच गेले, शेवटी कुंपणाला टेकले. तू जमिनीत टाचणी रोवून उकिडवी बसलेलीस. विचारलंस, "मधे काय आहे?" म्हटलं, काही नाही. "हवा तरी?" हवासुद्धा नाही, हवेलाही अणू लागतात. तू कितीतरी वेळ त्या मोकळ्या जमिनीकडे बघत राहिलीस. तिकडून बाबा ओरडत होते, "इलेक्ट्रॉनला बसायची परवानगी आहे का?" पुढे अकरावीत तू त्यांना सांगितलंस की इलेक्ट्रॉन एका जागी उभा नसतो, तो कुठे सापडेल याची शक्यता मैदानभर पसरलेली असते. बाबा म्हणाले, "मग मला उगाच चालवलंत."

वाद घालणं चांगलंच, त्याबद्दल तक्रार नाही. थॉमसनच्या घरात बापाने 1897 साली इलेक्ट्रॉन हा कण म्हणून दाखवला आणि 1906 चं नोबेल घेतलं, मुलाने तोच इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो हे दाखवून 1937 चं घेतलं. बाप तोवर हयात होता. त्यांच्याकडे रागाने फोन कोण ठेवत असेल, देव जाणे.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मार्सडेन. वीस वर्षांचा पोरगा, अजून पदवीही नाही. 1909 मध्ये त्याच्या प्राध्यापकाने, रदरफर्डने, त्याला सांगितलं, अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटतात ते) धातूच्या पत्र्यावरून मागे फिरतात का बघ. काही दिसेल अशी कुणाला आशा नव्हती. काळोखात बसायचं, डोळे सरावू द्यायचे, मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उडणाऱ्या ठिणग्या एकेक करून मोजायच्या. सुमारे 8000 कणांत एखादा मागे फिरायचा. तेवढ्यावरून 1911 मध्ये रदरफर्डने सांगितलं की अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या एका बारीक जागी कोंबलेलं आहे. त्या पोराने कंटाळून "काही दिसत नाही" असं लिहून टाकलं असतं तर? आणि मोजत होता डोळ्यांनी, अंगावर बॅज नव्हता, कारण या किरणांचा धोका तेव्हा नीट माहीत नव्हता.

तुला माहीत आहे. अंगावर पडणाऱ्या किरणांच्या डोसची वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा तू मला पाढ्यासारखी म्हणून दाखवतेस. मीही आता वाचलं आहे, अगदीच अडाणी समजू नकोस. बॅज किरण अडवत नाही, नुसता मोजतो, एवढं मला कळतं. त्यातल्या चकतीवर किरण पडले की स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि मधल्याच खाचांत अडकून पडतात. तीन महिने तसेच. मग चकती तापवली की ते सुटतात, खाली येतात आणि उजेड देतात. जितका उजेड, तितका डोस. 31 वर्षं इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेतून खाली आला की प्रकाश देतो म्हणून घोकून घेतलं, आणि त्याच ओळीवर माझ्या मुलीची काळजी टांगलेली असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुझ्या वाटचा उजेड खुंटीने दिला गं.

मेरी क्यूरी 1934 मध्ये रक्त तयार होईनासं होऊन गेल्या. पुढच्याच वर्षी लेकीला, आयरीनला, नोबेल मिळालं, ते बघायला त्या नव्हत्या. आयरीन 1956 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. खरं तर त्यासाठीच लिहिते आहे, माफ कर.

बाबांच्या किरणोपचाराच्या 28 बैठका झाल्या तेव्हा तू प्रत्येक वेळी त्या जाड दाराशी उभी राहून आतल्या माणसांना प्रश्न विचारायचीस. किरण कुठून येतात, किती येतात, चुकून जास्त गेले तर. मला वाटायचं, पोरगी लक्ष दुसरीकडे वळवते आहे. तिथूनच तू या कामाकडे वळलीस हे तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. त्या किरणांनी मला ते आणखी दोन वर्षं दिले. आता कुणाच्या तरी बाबांचा डोस तू काढतेस, दशांशापर्यंत, दोनदा तपासून. शेजारच्या बायकांना मी हे इतकं सांगितलं आहे की त्या आता विषय बदलतात.

दुसऱ्याचा आकडा दोनदा तपासणारी मुलगी स्वतःचा खुंटीवर ठेवते, म्हणून चिडले.

रविवारी फोन कर. मी बटणाला हात लावणार नाही, मोबाइल दादाच धरेल.

तुझी,
आई

ता.क. बोरचं पान सोबत पाठवते आहे, तुझ्या लाल शेऱ्यासकट. आणि तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना सगळं खरं सांगितलंस ना, किती दिवस, कोणत्या खोलीत? क्लिप सैल असेल तर बदलून माग.