पिशवी भरली तर भरू दे

॥ श्री ॥
वेंगुर्ले

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

परवा तू "बाबा, पुरे आता" म्हणून फोन ठेवलास. मग तुझी आई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी उठून खळ्यात जाऊन बसलो. फोनवर मी एक वाक्य काढलं की पुढचं तुला पाठ असतं, आणि तू मध्येच तोडतेस. पत्रात तसं करता येत नाही, म्हणून पत्र. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं, पण सुरेशचा पोरगा टाइप करून देताना सगळं वाचत बसला असता. या गोष्टी त्याने वाचायच्या नाहीत.

आधी हे सांगतो की पोटावर पिशवी आहे म्हणून अडू नकोस, अंदमानला जा. मी नको म्हटलेलं नाही. आईला तसं वाटलं असेल, मी फक्त विचारलं होतं की चेन्नईला विमान बदलताना मध्ये किती वेळ आहे आणि तेवढ्यात तू काय पिणार. यात चिडण्यासारखं काय होतं?

असू दे.

कुडाळला जे झालं ते मी विसरायचं ठरवलंय, पण विसरता येत नाही. पनवेलला गाडीत बसलीस ती थेट कुडाळला उतरलीस. ओठ पांढरे, पोटऱ्यांत गोळे, आणि मला म्हणालीस, "काही नाही बाबा, जागरण झालंय." आपला दीड दिवसाचा गणपती पाण्यात गेला तरी तुझं सलाईन चालूच होतं. नंतर आईला जे सांगितलंस ते आईने मला सांगितलं. "आदल्या रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलंच नाही, म्हणजे गाडीत पिशवी भरायचा प्रश्नच नाही." ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच आहे. तुझं पुढचं तिकीट रेल्वेचं असो, विमानाचं असो, मला आधी कुडाळचा प्लॅटफॉर्म दिसतो.

अगं, मी जन्मभर रातराणी चालवली. गाडी हॉटेलला थांबली की पुरुष खाली उतरायचे आणि अर्ध्या बायका सीटवर बसून राहायच्या. कंडक्टरने विचारलं तर म्हणायच्या, "पाणीच पिऊक नाय, उतरान काय करतलंय?" दुपारपासून घसा कोरडा ठेवून मुंबई गाठायच्या. तुझी आई तर सावंतवाडीला जायचं असलं तरी सकाळचा चहा अर्धाच घेते. तिचं आतडं धड आहे म्हणून तिला ते निभतं. तुझं तसं नाही.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं होतं ते आठवतंय ना? मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ परत ओढून घेण्याचं, रोजचं लिटर-दीड लिटर. तुझं ते काढलंय. आता लहान आतड्यातून थेट पोटावरच्या पिशवीत येतं ते पातळच येणार, आणि दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर हे तुझ्यासाठी नेहमीचं. उपाशी राहून ते बंद होत नाही. उलट रिकाम्या पोटी गॅस धरतो आणि जे येतं ते पाण्यासारखं येतं. तू पिशवी रिकामी ठेवायला जातेस, पण रिकामं होतं ते तुझं अंग. बांद्याच्या त्या गृहस्थांचं मला सांगू नकोस. ते दुबईला मुलाकडे जाऊन आले, विमानात एक घोट घेतला नाही आणि त्यांना काही झालं नाही, हे मीही ऐकलंय. त्यांचा स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, मोठ्या आतड्याचा आहे, त्यांचं पाणी बरंचसं आतच राहतं. तुझा लहान आतड्याचा. दोघांना पिशवी आहे म्हणून दोघांचा हिशेब एक होत नाही.

विमानातली हवाही फार कोरडी असते, आपल्याकडच्या मे महिन्याच्या अगदी उलट. घाम दिसत नाही म्हणून कळत नाही. म्हणजे तिथे थोडं जास्तच प्यायला हवं.

लागलो का परत? आईने "चार ओळी प्रेमाच्या लिहा" म्हणून वही हातात दिली होती.

चिपीचा विमानतळ व्हायच्या आधी मी विमान फक्त खालून बघितलेलं. पण तू विचारलं होतंस ना, वर गेल्यावर पिशवी फुटेल का म्हणून? (मला नाही, आईला. मला कोण विचारतंय!) त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. आंबोलीचा घाट चढताना पोरांच्या हातातली वेफर्सची पाकिटं टम्म फुगायची, ती मी आरशात बघत असे. बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते. आंबोली २,२०० फुटांच्या आसपास. विमान कितीही उंच गेलं तरी आत सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी हवा ठेवतात, म्हणजे आंबोलीच्या तिप्पट धर. तेव्हा पिशवी थोडी फुगणार, पण फुटणार नाही. पाकिटं तरी कुठे फुटायची? फिल्टरवाली पिशवी लाव, निघायच्या आधी सोडा-कोला घेऊ नकोस, बसायच्या आधी रिकामी कर. विमान उतरायला लागायच्या आधीही एकदा जाऊन ये, कारण पट्टा बांधायला सांगितला की मग उठू देत नाहीत. सीट कडेची घे, संडासाजवळची. खिडकीतून ढग बघायला मिळणार नाहीत, पण मध्ये दोन माणसं ओलांडून जायची लाज वाटली की तू पाणी पिणं बंद करणार, हे मला माहीत आहे. आणि पट्टा स्टोमाच्या वर किंवा खाली बसव, त्याच्यावरून नको.

तपासणीचं मनावर घेऊ नकोस. बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. हात लावायच्या आधीच तिला सांग, "पोटावर मेडिकल बॅग आहे," आणि डॉक्टरांचं पत्र पुढे कर. पिशवी काढून दाखवायची गरज नसते. फार विचारायला लागल्या तर वेगळ्या खोलीत न्या म्हणावं. आवाज चढवू नकोस, पण मान खाली घालूनही उभी राहू नकोस. चोरी केलेली नाहीस.

सामान सगळं हातातल्या बॅगेत. लागेल त्याच्या दुप्पट. मोठी बॅग चेन्नईलाच राहिली तर हॅवलॉक बेटावर औषधाच्या दुकानात तुझ्या मापाची, पिशवी पोटाला चिकटवायची प्लेट मिळेल असं धरून चालू नकोस. कात्री मात्र मोठ्या बॅगेत टाक, हातातली काढून घेतील. म्हणजे प्लेटा घरूनच कापून न्यायच्या. ते तुला येतं, माझ्याहून चांगलं येतं.

पहिली प्लेट मी कापली होती. लक्षात आहे? आईचा हात थरथरत होता, म्हणून तिने ब्लाउज बेतायची कात्री माझ्याकडे दिली. सिस्टरने दिलेलं मापाच्या भोकांचं कार्ड तू स्वतः स्टोमावर धरलंस, एकेक भोक लावून बघत. मला बघायचं धाडस होत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय कापता येत नव्हतं. लालभडक, ओलं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. मला वाटलं हे किती दुखत असेल. तू म्हणालीस, "बाबा, त्याला दुखत नाही, तिथे दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. तुम्ही दोन मिलिमीटर जास्त सोडून कापा." मी गोल कापला, कडा बोटाने चोळून गुळगुळीत केली, तू ती प्लेट काखेत धरून गरम केलीस आणि लावलीस. मला पाणी आणायला स्वयंपाकघरात पाठवलंस. पाणी तुला नको होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं.

एवढं ज्या मुलीने केलं तिला विमानातल्या संडासाची भीती का वाटावी? बघ, हे पुन्हा लेक्चर झालं. भीती वाटणारच. तुझ्या जागी मी असतो तर डेपोच्या बाहेर पडलो नसतो.

सिस्टरने सांगितलेली ती डेन्मार्कची नर्स, एलिसे सोरेनसेन. तिच्या बहिणीचंही स्टोमाचं ऑपरेशन झालं. गळेल या भीतीने बहीण घराबाहेर पडेना. म्हणून १९५४ साली हिने चिकटणारी, एकदा वापरून टाकायची पिशवी योजली. मला ती गोष्ट फार आवडली होती, आणि तुझ्या ताईला मी ती मुद्दाम सांगितली. बहीण बाहेर पडावी म्हणून पिशवी झाली. तू बाहेर पडतेस आणि पिशवीसाठी उपाशी राहतेस. याला काय म्हणावं?

आता तू म्हणशील, बाबा, पिते की मी, बाटलीच्या बाटली पिते. नुसतं पाणी नको. तुझ्यासारख्यांनी साधं पाणी ढसाढसा प्यायलं की ते मीठ घेऊन बाहेर पडतं. मीठ आणि साखर बरोबर असली की आतडं पाणी धरतं. ओआरएसची पाकिटं कोरडीच ने, रिकामी बाटली ने, तपासणी झाल्यावर आत पाणी भरून त्यात घाल. लिटरचं पाकीट असेल तर लिटरभरच पाणी, अंदाजाने नको. ती खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून घेऊ नकोस. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारच्या अन्न खात्याने त्यांना ते नाव लावायलाच मनाई केली, पेपरात आलं होतं. पाकीट संपलं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

आजी असती तर एवढं काही बोलली नसती. सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, आणि दारात उभं राहून "पेज जेवलंस मा गो?" मीठ, पाणी, तांदूळ. तुझ्या डाएटच्या कागदावर जे लिहून दिलंय तेच तिच्या वाडग्यात होतं. कोकमाचं सरबतही चालतं तुला, साखर-मिठाचं. नारळच तेवढा बंद झाला, काजू बंद झाले, आणि फणस. वेंगुर्ल्यात राहून नारळ-काजू बंद! आई अजून तुझ्या वाटणीची भाजी काढून ठेवते आणि मग आमच्यात खोबरं घालते. तिकडे बेटावर सगळ्यात नारळ असेल. किसलेलं खोबरं खाऊ नकोस. शहाळ्याचं पाणी पी, पण चिमूटभर मीठ टाकून, आणि मलई मैत्रिणींना दे. पोटात कळ येऊन पिशवीत काहीच येईनासं झालं तर "बघू सकाळी" म्हणत बसायचं नाही. सरळ दवाखाना. लघवी गडद झाली, चक्कर आली, पोटरी आवळली तरी तेच. आणि बोटीत मळमळून उलट्या झाल्या तर त्या दिवशी जास्त सांभाळ, तिथे दोन्हीकडून पाणी जातं.

मैत्रिणींपैकी एकीला तरी सगळं सांगितलंयस का? सगळं म्हणजे कुडाळचंसुद्धा. आईचं म्हणणं आहे की सांगितलं असेल. माझं म्हणणं आहे की नसेल.

तू पोहण्याचे कपडे घेतलेस हेही आईकडून कळलं. मी काही बोललो नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती काळजीने नव्हे. सुक्या नारळांची जोडी कमरेला बांधून तुला विहिरीत सोडली होती तेव्हा तू गटांगळ्या खाल्ल्यास, वर आलीस आणि मलाच शिव्या घातल्यास. पुढच्या उन्हाळ्यात जोडी सोडून टाकलीस. सागरेश्वरला तुला पाण्याबाहेर काढायला मला गुडघाभर आत यायला लागायचं. ऑपरेशननंतर तू समुद्रात पाय बुडवण्यापलीकडे गेली नाहीस. सिस्टर म्हणाली होती की पोहायला काहीच हरकत नाही, पाण्यात प्लेट सुटत नाही, हवं तर कडेने टेप लाव आणि जायच्या आधी पिशवी रिकामी कर. पण दिवसभर खाऱ्या पाण्यात आणि उन्हात तहान कळत नाही... बरं, थांबतो. पोहून ये. भरपूर पोह. फोटो आईला पाठव, मी तिच्या फोनवर बघेन.

सेल्युलर जेलही बघ. अण्णांना जायचं होतं, राहून गेलं.

पैसे लागले तर सांग, ताईला सांगू नकोस. चेन्नईला उतरलीस की एक फोन कर. "काय प्यायलीस" असं मी विचारणार नाही. तूच सांग, म्हणजे मला विचारावं लागणार नाही.

तुझा,
बाबा

ता.क. पार्सलमध्ये उकड्या तांदळाच्या कण्या आणि कोकमाचं आगळ पाठवलंय. आगळाची बाटली प्लास्टिकात बांधली आहे तरी उभीच ठेव, मागच्या वेळी शिरीषच्या बॅगेतले सगळे शर्ट लाल झाले. शिमग्याला येणार असशील तर कोकणकन्याचं तिकीट साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला बस, दहा मिनिटांत संपतं. खालचा बर्थ मिळाला नाही तरी चालेल, जागा मात्र बघून घे, संडासाच्या बाजूची.